भीक मागणे हा गुन्हा राहू नये

सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरात विधानसभेने जनविश्वास विधेयक मंजूर केले. राज्यातील अकरा कायदे व नियमांमधल्या पाचशेहून अधिक तरतुदी त्याने बदलल्या, आणि किरकोळ चुकांसाठी माणसाला फौजदारी न्यायालयात उभे करण्याऐवजी दंड घेऊन प्रकरण मिटवण्याची सोय झाली. केंद्र सरकारने २०२३ साली ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींबाबत हेच धोरण स्वीकारले होते. मी बडोद्यात वकिली करते. एखादे विवरणपत्र मुदतीत न भरल्याबद्दल वर्षानुवर्षे तारखांना हजर राहणारे लहान दुकानदार मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे या बदलाचे मी मनापासून स्वागत केले. ज्याच्या कृत्याने कोणाचे फारसे नुकसान झालेले नाही, त्याच्यामागे पोलीस, जामीन आणि खटल्याचा ससेमिरा लावू नये, हे त्यामागचे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे.

मात्र त्या विधेयकाचा रोख व्यापार-उद्योगाकडे होता, आणि हे तत्त्व ज्याला सर्वांत आधी लागू व्हायला हवे तो कायदा त्याच्या कक्षेत आलाच नाही. हा कायदा म्हणजे मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम, १९५९. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाला, आणि जुन्या द्विभाषिक राज्याचे जे कायदे आपल्या वाट्याला आले त्यांत हाही आला. पुढे राज्याने त्याच्या शीर्षकातील मुंबईच्या जागी गुजरात घातले, पण साचा तोच राहिला. जनविश्वासचा पुढचा टप्पा येईल तेव्हा या अधिनियमातील भीक मागणाऱ्याच्या अटकेची आणि स्थानबद्धतेची कलमे रद्द करावीत, आणि दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारे कलम तेवढे ठेवावे, अशी माझी मागणी आहे. ती का, हे थोडे विस्ताराने मांडते, कारण या कायद्यात नेमके काय आहे हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी वाचलेले नसते.

सार्वजनिक ठिकाणी भीक मागताना आढळलेल्या माणसाला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. न्यायालय संक्षिप्त चौकशी करते, आणि आरोपात तथ्य वाटल्यास पहिल्याच वेळी किमान एक व कमाल तीन वर्षे त्याला प्रमाणित संस्थेत, म्हणजे आपण ज्याला भिक्षेकरी गृह म्हणतो तेथे, ठेवण्याचा आदेश देते. हा माणूस पुन्हा भीक मागणार नाही अशी खात्री पटल्यास समज देऊन बंधपत्रावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे, हे नोंदवले पाहिजे. पण तो वारंवार सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि तिचा काही भाग तुरुंगवासात बदलता येतो. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या माणसांनाही संस्थेत ठेवण्याची तरतूद आहे. सर्वांत कठोर भाग पुढेच आहे: संस्थेत ठेवलेली व्यक्ती अंध, अपंग किंवा कायमची असहाय आहे असे सरकारला वाटले, तर मुदत संपल्यावरही तिला बेमुदत ठेवता येते. म्हणजे धडधाकट माणसाला निदान सुटकेची तारीख असते. ज्याला दिसत नाही किंवा चालता येत नाही, त्याला तीही नाही.

आता याच्या शेजारी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ ठेवून पाहावे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी करणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. ही सुधारणा चांगली आहे आणि ती करणाऱ्यांचे मी कौतुकच करते. परंतु पाच रुपये मागणाऱ्याला वर्षभर कोंडण्याची तरतूद ज्या राज्यात कायम आहे, तेथे चोरी करून पैसे परत करणाऱ्याला त्याच्याहून सौम्य वागणूक मिळते, ही विसंगती कोणत्याही निकषावर टिकणारी नाही.

भीक मागणे म्हणजे काय, याची या अधिनियमातली व्याख्या तर अवश्य वाचावी अशी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करून दाखवणे किंवा वस्तू विकणे, या निमित्ताने का होईना पण कोणी पैसे मागितले किंवा स्वीकारले, तरी ती भीकच. कोणाच्या आवारात शिरून मागितली तरी भीक. जखम किंवा व्यंग दाखवून मागितली तरी भीक. इतकेच नव्हे, तर ज्याच्याकडे उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो की तो भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारीच. त्याने हात पुढे केलेला असण्याची गरज नाही. गरीब दिसणे पुरेसे आहे.

या व्याख्येत कोण कोण बसते याची मराठी माणसाला वेगळी जाणीव करून देण्याची गरज नसावी. पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारी येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, पिंगळा, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी, जोगवा मागणाऱ्या स्त्रिया हे सगळे त्यात बसतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत माधुकरी मागून शिकलेली किती माणसे होती, हे घराघरांत सांगितले जाते, आणि तेही अभिमानाने. आणि बडोद्यापासून फार दूर न जाता गरुडेश्वर-चांदोदकडे पाहिले तर नर्मदेची परिक्रमा करणारे शेकडो लोक, ज्यांत मराठी माणसे मोठ्या संख्येने असतात, वाटेतल्या गावांत भिक्षा आणि सदावर्त घेत पुढे जातात. जवळ पैसा न ठेवता मिळेल ते खाऊन चालत राहणे हीच त्या परिक्रमेची रीत आहे. कायद्यातील सूट फक्त कायद्याने किंवा अधिकाऱ्याने परवानगी दिलेल्या कारणासाठी मागणाऱ्यांना आहे. तेव्हा शब्दशः पाहिले तर परवानगी न घेतलेला परिक्रमावासीही गुन्हेगार ठरतो. त्याला कोणी अटक करत नाही आणि करूही नये. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की अटक मागण्याच्या कृतीवर ठरत नाही, मागणारा कोण आहे यावर ठरते. ज्याची मांडणी इतकी व्यापक आहे तो कायदा निवडून वापरला जाणारच, आणि निवड ज्याच्या मागे कोणी नाही त्याचीच होणार.

मोफत विधी सेवेच्या यादीतून माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगते. साठीच्या आसपासची एक बाई सिग्नलवर मोटारी पुसायची पिवळी फडकी विकत होती. शहरात कुठलासा मोठा कार्यक्रम होता, त्याच्या आधी रस्ते मोकळे करताना तिला उचलले गेले. मूळची नंदुरबारकडची असल्याने ती माझ्याशी अहिराणी मिसळलेल्या मराठीत बोलू शकली. गुजरातीत झालेले कामकाज तिला अर्धेमुर्धेच कळले होते. जप्त वस्तूंच्या यादीत फडक्यांचा गठ्ठा, स्टीलचा पेला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती, आणि त्या फडक्यांपुढे ती भीक मागण्यासाठी वापरल्याचा शेरा होता. ‘‘ताई, मी तर विकत होते, कोणी बाकीचे पैसे परत घेतले नाहीत तर ती भीक कशी?’’ असे तिने मला विचारले. कायद्याच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर होते, कारण वस्तू विकण्याचे निमित्त व्याख्येत आहेच, पण ते उत्तर तिला देण्याची माझी इच्छा झाली नाही. सुदैवाने न्यायाधीशांनी तिला समज देऊन जातमुचलक्यावर सोडले. मात्र तोवर तीन रात्री तिच्या गोळ्या चुकल्या होत्या, आणि जप्त केलेली फडकी परत मिळवण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो हे ऐकून तिने ती सोडून दिली. तिचे सगळे भांडवल तेवढेच होते. भीक मागू नये म्हणून केलेल्या कायद्याने तिला न विकता मागण्याच्या परिस्थितीत आणून सोडले.

रस्ते मोकळे करण्याची ही पद्धत केवळ आपल्या शहराची नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीत दिल्लीत भिकाऱ्यांसाठी फिरती न्यायालये चालवली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादेत जागतिक उद्योजक परिषद भरण्याच्या सुमारास पोलीस आयुक्तांनी दोन महिने भीक मागण्यावर बंदी घातली. पाहुणे येणार असले की दारिद्र्य झाकायचे, ही सवय सर्वच पक्षांच्या सरकारांना आहे.

या कायद्याची पाळेमुळे इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्यापर्यंत जातात. आपल्याकडे बंगालमध्ये असा कायदा झाला तो १९४३ मध्ये, म्हणजे दुष्काळाने खेडी रिकामी होऊन माणसे कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मरत होती त्याच वर्षी. मुंबईत १९४५ मध्ये झाला आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती १९५९ ची. स्वातंत्र्यानंतरच्या विधिमंडळाने तो केला असला तरी निराधार माणूस हा बंदोबस्ताचा विषय आहे, ही दृष्टी जुन्या राजवटीचीच आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी सामाजिक कार्यकर्ते हर्ष मंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना ती दृष्टी नाकारली. हाच मुंबईचा अधिनियम दिल्लीला लागू केलेला होता. न्यायमूर्ती गीता मित्तल आणि न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांच्या खंडपीठाने भीक मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवणाऱ्या त्यातील २५ तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दुसऱ्याकडून भीक मागवून घेणाऱ्याला शिक्षा करणारे कलम ११ मात्र न्यायालयाने कायम ठेवले. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील कायदाही रद्द केला. जुलै २०२१ मध्ये करोनाच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने अशी अभिजनवादी भूमिका घेण्यास नकार दिला आणि माणसे रस्त्यावर येतात ती शिक्षण आणि रोजगार नसल्यामुळे, हे लक्षात आणून दिले. दिल्लीच्या निकालाचा अंमल दिल्लीपुरता आहे. त्यामुळे आज एकाच मजकुराचा कायदा दिल्लीत मूलभूत हक्कांविरुद्ध आहे आणि बडोद्यात पूर्णपणे चालू आहे. ही स्थिती कोणीतरी याचिका करेपर्यंत तशीच ठेवण्यापेक्षा विधानसभेने स्वतःहून दुरुस्त करणे अधिक शोभून दिसेल.

या विषयावर बोलताना हमखास पुढे येणारा आक्षेप टोळ्यांचा असतो. मुलांना पळवून भीक मागायला लावतात, बाळांना गुंगीचे औषध देतात, संध्याकाळी कोणी तरी येऊन सगळे पैसे घेऊन जाते, असे सांगितले जाते. जेथे असे घडते तेथे ते भयंकर आहे आणि त्यावर कठोर कारवाई झालीच पाहिजे. त्यासाठीचा कायदा हातात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ नुसार भिकेसाठी मुलाला पळवणाऱ्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे, आणि त्यासाठी मुलाला अपंग करणाऱ्याला किमान वीस वर्षे. मानवी व्यापाराच्या कलम १४३ मध्ये शोषणाच्या प्रकारांत भीक मागवण्याचा समावेश नव्याने केला आहे. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारे बाल न्याय अधिनियमाचे कलम ७६ आहे. यांपैकी कोणत्याही कलमाला १९५९ च्या अधिनियमातील अटकेच्या कलमाची मदत लागत नाही. उलट त्याने नुकसान होते. ज्या मुलीला किंवा बाईला टोळीविरुद्ध जबाब द्यायचा आहे ती स्वतःच कायद्याने आरोपी असेल, तर ती पोलिसांकडे जाईल कशी? टोळीला तिच्यावर धाक बसवायला हे आयते साधन मिळते.

दुसरा आक्षेप सौम्य आहे आणि तो करणारी माणसे माझ्या ओळखीची, सज्जन आहेत. गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेर पडताना अंगावर येतात, पदर धरतात, मागे लागतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. वाट अडवणे किंवा अंगाला हात लावणे यावर साध्या पोलिसी उपायांनी कारवाई करता येते, आणि ती भीक मागणाऱ्याइतकीच कोणावरही करता आली पाहिजे. पण त्रास झाला म्हणून त्याचे वर्ष हिरावून घ्यावे, असे माझ्याशी बोलणाऱ्या एकानेही म्हटले नाही. कायद्यात तसे आहे हे ऐकून त्यांनाच धक्का बसला. देवळाबाहेर किंवा रस्त्यावर मनोरुग्ण दिसतात, त्यांच्यासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाचे कलम १०० आहे. अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य त्याने पोलिसांवर टाकले आहे. आपल्या शहरात कारेलीबागेत मानसिक आरोग्य रुग्णालय असताना अशा माणसाला भिक्षेकरी म्हणून न्यायालयात आणण्याचे कारण उरत नाही.

इंदूरची वाटचाल मला चिंतेची वाटते. तेथील प्रशासनाने जानेवारी २०२५ पासून भीक देण्यावरही मनाई केली आणि देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. ही मनाई ज्या कलमाखाली केली त्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे आदेश तातडीच्या प्रसंगांसाठी असतात, त्यांची साधारण मुदत दोन महिन्यांची असते, आणि त्यांचा भंग केल्यास न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या शहरात पुनर्वसनाचेही काम झाले आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण भुकेल्याच्या हातावर दहा रुपये ठेवणे हा गुन्हा ठरावा, तेही ज्या शहराने अहिल्याबाईंची अन्नछत्रे आणि धर्मशाळा आपला वारसा म्हणून मिरवल्या आहेत तेथे, हे मला पटत नाही. बडोद्याने हा कित्ता गिरवू नये.

आपल्याकडे अनुकरणासाठी दुसरे उदाहरण आहे. संस्थानात श्रावणमासात दक्षिणा वाटण्याची मोठी प्रथा होती. सयाजीरावांनी त्या दानाला परीक्षेची जोड दिली आणि विद्वत्ता पारखून दक्षिणा देण्याची रीत घातली. श्रावणमास दक्षिणा परीक्षा या नावाने ती पुढे चालत राहिली. त्याच राजाने १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. घेणाऱ्याला शिक्षा न करता देण्याची व्यवस्था सुधारता येते, याचा हा घरचाच दाखला आहे. तो काळ वेगळा होता आणि ती दक्षिणा एका वर्गापुरती होती, हे मान्य करूनही त्यामागची शासनाची दृष्टी आजच्या कायद्यापेक्षा पुढची होती असे मला वाटते.

आणखी एक बाब, जी माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, पंधराव्या नोंदीत भटकेपणा आणि भटक्या व स्थलांतरित जमाती हे विषय एकत्र आले आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या. पण नट, बजाणिया, वादी अशा समाजांचा पोटाचा धंदाच रस्त्यावर खेळ करणे, साप दाखवणे, गाणे हा होता, आणि सात वर्षांनी आलेल्या या अधिनियमाने नेमका तोच धंदा व्याख्येत ओढून घेतला. एका कायद्याने सोडलेली माणसे दुसऱ्याच्या हाती लागली. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी १९९८ मध्ये भाषातज्ज्ञ गणेश देवी, बंगाली लेखिका महाश्वेतादेवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी जे काम उभे केले, त्याची सुरुवात याच बडोद्यातून झाली. त्या शहरात राहून आपण या कायद्याबद्दल गप्प राहणे योग्य नाही.

विधेयक आणायचे असेल तर त्याचा मसुदा अवघड नाही. व्याख्येतून कला, विक्री आणि निव्वळ गरीब दिसणे हे भाग वगळावेत. वॉरंटशिवाय अटक, स्थानबद्धता, अवलंबून असलेल्यांना ठेवणे आणि असहाय व्यक्तींना बेमुदत ठेवणे ही कलमे रद्द करावीत. कलम ११ ठेवावे. भिक्षेकरी गृहे बंद करू नयेत, कारण ज्यांना कोठेच जागा नाही अशा वृद्धांना आणि आजाऱ्यांना छप्पर लागणारच आहे. मात्र तेथे येणे आणि तेथून जाणे त्या व्यक्तीच्या मर्जीवर असावे, आणि दारावरचे कुलूप निघावे. केंद्राने २०१६ मध्ये निराधार व्यक्तींच्या संरक्षण व पुनर्वसनासाठी आदर्श विधेयकाचा मसुदा तयार केला होता, पण तो पुढे गेला नाही. राज्याने त्यातले हवे ते घ्यावे. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी २०२२ पासूनची केंद्राची ‘स्माईल’ योजना आहेच, आणि ती राबवण्यासाठी कोणाला अटक करावी लागत नाही.

विधेयक येईपर्यंतही एक गोष्ट लगेच करता येईल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार संरक्षणगृहासह कोणत्याही ताब्यात असलेली व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. तेव्हा राज्यातल्या भिक्षेकरी गृहांत आज जेवढी माणसे आहेत त्यांची यादी, प्रत्येकाच्या आदेशाची प्रत आणि मुदत संपण्याची तारीख जिल्हा प्राधिकरणाकडे दर महिन्याला जावी, असे परिपत्रक समाजकल्याण खात्याने काढावे. ज्यांची मुदत संपली आहे त्यांचे अर्ज आम्ही वकील मंडळी करू. त्यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागणार नाही.